उत्तम शिक्षक कोणास म्हणावें ?

उत्तम शिक्षकाच्या अंगीं कोणते गुण असावेत, हा निबंधाचा विषय आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आहे, आणि त्याचें उत्तरहि पिढ्यान्‌पिढ्या तेंच लिहिलें जात आहे. विद्वत्ता, शिस्त, वक्तशीरपणा, निर्व्यसनीपणा, प्रेमळ स्वभाव अशी यादी केली कीं विद्यार्थी मोकळा होतो. या यादींत चूक असें कांहींच नाहीं. परंतु ती इतकी सर्वसाधारण आहे कीं, एखाद्या चांगल्या पोस्टमास्तरासहि ती जशीच्या तशी लागू पडावी. शिक्षकाचा म्हणून जो विशेष गुण, तो तींतून हातीं लागत नाहीं. तो एखाद्या शिक्षकाचें प्रत्यक्ष काम पाहूनच शोधला पाहिजे, आणि त्यासाठीं आपल्याला फार दूर जाण्याचें कारण नाहीं. पालघर किंवा बोईसर स्टेशनावर गाडींत बसावें, वाणगांव व डहाणू रोड मागें टाकून घोलवडास उतरावें. जवळच समुद्रकांठीं बोर्डी आहे, आणि आंतल्या बाजूस कोसबाडची टेकडी. या दोन ठिकाणीं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं जें काम केलें, तोच आमच्या मतें या विषयाचा खरा पाठ होय.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. त्या पदवीधर होत्या; भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचें काम करून त्यांनीं नांव मिळविलें होतें. १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढें दादरला त्यांचें शिशुविहार उभें राहिलें. १९४५ सालीं त्यांचें वय त्रेपन्न वर्षांचें होतें. शहरांत मान होता, कामाची घडी बसली होती. तथापि एक गोष्ट त्यांना सलत होती. मादाम माँटेसोरी यांनीं आपलें पहिलें बालगृह १९०७ सालीं रोम शहराच्या एका दरिद्री वस्तींत उघडलें. पण तीच पद्धति आपल्या देशांत आली ती महागड्या साधनांसह, आणि सुखवस्तु घरांतील मुलांपुरतीच राहूं लागली. म्हणून ताराबाईंनीं दादर सोडून बोर्डी गांठली.

अनुताई त्यांच्याहून अठरा वर्षांनीं लहान. तेराव्या वर्षीं विवाह व थोड्याच महिन्यांत वैधव्य, असें त्यांचें बालपण. त्यानंतर त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ मध्यें ताराबाईंना येऊन मिळाल्या.

बोर्डीस बालवाडी उघडली. पण हरिजन वस्तींतील मुलें तींत येईनात. येथें सामान्य शिक्षक काय करील, हें आपण सर्व जाणतों. तो हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करील, पालकांच्या अज्ञानाविषयीं चार शब्द बोलेल, आणि आपलें कर्तव्य झालें असें मानील. या दोघींनीं तसें केलें नाहीं. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळेनें मुलांकडे जावें, असें त्यांनीं ठरविलें, आणि वस्तींतल्याच एका अंगणांत शाळा भरूं लागली. आधीं अंगण झाडावयाचें, मग मुलांना न्हाऊं घालावयाचें, केंस विंचरावयाचे, नखें कापावयाचीं; आणि त्यानंतर गाणीं, गोष्टी, खेळ. विलायती साधनांच्या जागीं शिंपले, खडे, बिया, पानें, बांबूचे तुकडे आले. मोजणें, लहानमोठें ओळखणें, रंग निवडणें हें सारें त्यांवर शिकतां येतें, आणि शिंपला हरवला म्हणून कोणी मुलास मारीत नाहीं, हा आणखी एक लाभ. हीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारनें बालकांसाठीं देशभर जी योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाहि हेंच नांव मिळालें. (नांव उचलणें सोपें असतें. अंगणवाडी चालविणाऱ्या बाईस आजहि पगार न मिळतां मानधनच मिळतें, हें येथें नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.)

१९५६-५७ च्या सुमारास हें काम कोसबाडच्या टेकडीवर आलें, आणि तेथें प्रश्न अधिक कठीण झाला. भोंवतालची वस्ती मुख्यतः वारल्यांची. ज्या १९४५ सालीं बोर्डीची बालवाडी निघाली, त्याच सालीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारली वेठीविरुद्ध उठले होते. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं सावकाराकडे राबणाऱ्या माणसास या भागांत ‘लग्नगडी’ म्हणत, एवढें सांगितलें म्हणजे त्या घरांतील मुलांची स्थिति ध्यानांत येईल. अशा घरीं सात वर्षांची मुलगी म्हणजे धाकट्या भावंडाची आईच. ती शाळेंत यावयाची तर कडेवरच्या मुलाचें काय करावें ? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणीं भरविली गेली. भावंड पाळण्यांत, बहीण वर्गांत. या योजनेस विकासवाडी म्हणत. मुलगा गुरांमागें जातो, तर कुरणांतच शाळा भरवावी. तिला कुरणशाळा हें नांव. गुरें चरत, आणि मुलें शिकत.

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पुस्तकांतील मराठी आणि वारली मुलाच्या घरची बोली यांत पुष्कळ अंतर पडतें. रानांतील झाडें, पक्षी, खेकड्यांचीं बिळें यांविषयीं त्याला जें ठाऊक असतें, तें गुरुजींस बहुधा नसतें. आपल्या भाषेंत उत्तर न देणाऱ्या मुलास मंद ठरविण्याची घाई ज्या शिक्षकाला होते, त्याला शिक्षक म्हणवून घेण्याचा अधिकार कितपत आहे, याविषयीं आम्हांस शंका वाटते.

आम्ही ज्या विशेष गुणाचा शोध घेत होतों, तो हाच. मूल शिकत नाहीं असें दिसलें कीं, उत्तम शिक्षक प्रथम आपल्या शाळेची तपासणी करतो, मुलाची मागाहून. यावर कोणी म्हणेल कीं, अशानें मुलें शेफारतील. पण कोसबाडचा अर्थ लाड असा नव्हे. नखें कापलीं नाहींत तर रोज कापलीं जात. वेळ पाळली जाई. स्वच्छतेंत सवलत नव्हती. कडकपणा होता, मात्र तो शिक्षिकेनें प्रथम स्वतःवर लादून घेतलेला होता.

अनुताईंचें स्वतःचें शिकणेंहि थांबलें नाहीं. नोकरी करीत असतांना त्या मॅट्रिक झाल्या, आणि पदवी मिळविली ती पन्नाशीच्या सुमारास, जेव्हां आपल्यांतील बहुतेक जण पेन्शनचा हिशेब करूं लागतात. १९७३ मध्यें ताराबाई निवर्तल्या. त्यानंतर १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, अनुताईंनीं तें काम सांभाळलें. ताराबाईंना पद्मभूषण व अनुताईंना पद्मश्री मिळाली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हें अनुताईंचें आत्मचरित्र ज्यांना शिक्षक व्हावयाचें आहे, त्यांनीं अवश्य मिळवून वाचावें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांपैकीं कांहीं जण उद्यां याच जिल्ह्यांत गुरुजी किंवा बाई म्हणून जातील. १ ऑगस्ट २०१४ पासून आपला जिल्हा ठाण्याहून वेगळा झाला; परंतु जव्हार-मोखाड्याकडील कित्येक कुटुंबें आजहि पावसाळा सरला कीं वीटभट्ट्यांवर कामास जातात, आणि मुलें त्यांच्याबरोबर जातात. दिवाळीच्या सुटीनंतर तुमच्या वर्गांत बांक रिकामे दिसतील. अंगणासाठीं अंगणवाडी निघाली, कुरणासाठीं कुरणशाळा निघाली. भट्टीवर गेलेल्या मुलांसाठीं काय काढावें, हें त्या दिवशीं हजेरीपट हातीं घेऊन उभ्या असलेल्या शिक्षकालाच ठरवावें लागेल.