देवाच्या इच्छेला शरण जाणे म्हणजे काय?



‘देवाची इच्छा’ हे शब्द आपल्या तोंडी फार सहज येतात. लग्न जमले, देवाची इच्छा. मोडले, तीही देवाचीच इच्छा. मी त्यातलीच. धर्मशिक्षणाचा डिप्लोमा करताना याच विषयावर मी निबंध लिहिला होता आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते. त्या निबंधातले आज मला एक वाक्य आठवत नाही. एका आजीचा प्रश्न मात्र आठवतो, आणि हा पाठ त्या प्रश्नामुळेच लिहीत आहे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सातपुड्याच्या भागातून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात, पुष्कळशी गुजरातेत. मी तेव्हा मुलींच्या वसतिगृहासाठी धडपडत होते. तीन वर्षे उपासप्रार्थना चालली होती. जागा पाहून ठेवली होती, नकाशासुद्धा काढून घेतला होता. हे काम प्रभूनेच माझ्यावर सोपवले आहे याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

त्याच दिवसांत एका पाड्यावर दीड वर्षाच्या एका मुलीचा दंड मोजला. घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली गेला की पट्टीवर लाल रंग दिसतो, म्हणजे मूल अतितीव्र कुपोषित आहे. तिला आईसह साधारण 14 दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवायला हवे होते. आई म्हणाली, “ताई, मुकादमाची उचल घेतली आहे. आठ दिवसांत गाडी येईल. घरी आणखी दोन पोरं आहेत, त्यांना कोण बघणार?” मी तिला समजावले, पण एकदाच. दुसऱ्या दिवशी वसतिगृहासंबंधी शहरात बैठक होती. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मी प्रार्थना केली, तिला प्रभूच्या इच्छेवर सोपवले आणि बस पकडली.

सहाव्या दिवशी मुलीला जुलाब लागले. पाड्यापर्यंत रस्ता नाही. बांबूला झोळी बांधून माणसे तिला खाली घेऊन निघाली, पण ती वाटेतच गेली. मी भेटायला गेले तेव्हा अंगणात बसून म्हणाले, देवाची इच्छा होती. ते कुटुंब ख्रिस्ती नव्हते. मुलीच्या आजीने माझ्याकडे बघून विचारले, “तुझ्या देवाला त्या पोरीचं काय पायजे होतं?”

मला उत्तर देता आले नाही. (बैठकीत वसतिगृहाचा प्रस्तावही नामंजूर झाला होता. पण ते दुःख त्या अंगणात फार लहान वाटले.)

आता मत्तयाचा 8वा अध्याय उघडा. डोंगरावरून उतरलेल्या येशूपुढे एक कुष्ठरोगी येऊन पाया पडतो. त्याला येशूच्या सामर्थ्याविषयी शंका नाही. त्याची शंका इच्छेविषयी आहे. आपल्याला शुद्ध करावे असे प्रभूला वाटते की नाही, एवढेच त्याला कळत नाही. येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि आपली तशी इच्छा आहे असे स्पष्ट सांगतो. चारही शुभवर्तमाने चाळून पाहा. बरे होण्यासाठी आलेल्या एकाही दुखणाइताला येशूने असे सांगितलेले नाही की, तुझे दुखणे ही पित्याची इच्छा आहे, तेव्हा सोसत राहा.

मग गेथशेमाने? तिथे त्याने पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली. होय, पण प्याला कोणाचा होता? त्याचा स्वतःचा. मत्तय 26:42 मध्ये येशू जे मागतो, तेच शब्द मूळ ग्रीकमध्ये प्रभूच्या प्रार्थनेतील तिसऱ्या मागणीत आहेत. ती मागणी आपण दर रविवारी म्हणतो, पण तिच्यात पृथ्वीचा उल्लेख का आहे याचा विचार करत नाही. स्वर्गात होते तसे इथे अजून होत नाही, म्हणूनच ते मागायचे आहे. जे घडले ते सगळे देवाच्या इच्छेनेच घडले असते, तर ही मागणी करायला प्रभूने शिकवलेच नसते.

कोणी ईयोबाकडे बोट दाखवील. देवाने दिले व देवानेच घेतले, असे ईयोब म्हणाला खरा; पण तो स्वतःच्या लेकरांविषयी बोलत होता. त्याच्या दुःखाचा अर्थ त्याला समजावून सांगणाऱ्या मित्रांवर मात्र शेवटी देवाचा राग पेटला (ईयोब 42:7). त्या अंगणात मी त्या मित्रांच्या रांगेत बसले होते.

तेव्हा शरण जाण्यात आपल्या हातातले काही तरी सोडावे लागते. पंडिता रमाबाईंचेच पाहा. पुण्याच्या शारदा सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली होती. हेतू फळबागेचा होता. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, त्यामुळे उपासमार म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्या तिकडे गेल्या आणि मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या मुली ठेवायच्या कुठे? मग बागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर मुली राहिल्या आणि तिथेच मुक्ती मिशन उभे राहिले. रमाबाईंना मार्गदर्शन मिळाले ते दारात उभ्या असलेल्या भुकेल्या मुलींच्या रूपाने. बागेची योजना तेवढी त्यांना बाजूला ठेवावी लागली.

माझ्याही दारात ती मुलगी होती. मी मात्र माझी योजना घट्ट धरून बसले आणि सोडले त्या मुलीला.

वसतिगृहाचा नकाशा अजून कपाटात आहे. प्रभूला ते हवे असेल तर होईल. मी त्यासाठी आता बैठकींना धावत नाही. दसऱ्यापासून गाड्या येईपर्यंत अंगणवाडीताईंबरोबर पाड्यापाड्यांवर जाऊन दंड मोजते. पट्टी लाल झाली की त्या घरी पुन्हापुन्हा जाते, प्रसंगी मुकादमाशीही बोलते. दर वेळी जमतेच असे नाही. गेल्या वर्षी दोन आया मुलांना घेऊन केंद्रातून चौथ्याच दिवशी परतल्या, घरच्या लेकरांच्या काळजीने. ती आजी वाटेत भेटते, बोलते. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. तिची क्षमा मागायला मला दोन वर्षे लागली.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा गाड्या यायला तीन-चार आठवडे असतील. आई केंद्रात असताना 14 दिवस तिच्या घरी राहून मोठ्या मुलांना सांभाळील, दोन वेळची भाकरी करील, अशा बहिणी आम्हाला हव्या आहेत. पावरी बोलता येत नसले तरी चालेल. मंडळीत हा पाठ घ्याल तेव्हा शेवटच्या प्रार्थनेआधी एवढे विचारा, कोणाला येता येईल?