पद्मिनीचा पंप आणि भाचीबाई

घाटात झटके, मग गप्प, अन् दहा मिनिटांनी पुन्हा शहाण्यासारखी चालू, एवढं तू फोनवर सांगितलंस तेव्हाच मी ओळखलं, आपल्या पद्मिनीचा पेट्रोल पंप थकला असावा. कुर्ल्याच्या कारखान्यातली १९८९ सालची गाडी ती. तिची नाटकं मला पाठ आहेत, तेव्हा मामाचं ऐक.

१. आधी पाच लिटर पेट्रोल ओत — आपला काटा जन्मापासून थापाड्या आहे, आणि मी एकदा नवा पंप बसवल्यावर टाकीचा ठणठणाट पाहिलाय.

२. बंद पडली की टाकीचं झाकण उघड. फुस्स करून हवा आत गेली तर दोष झाकणाच्या भोकाचा — टाकीत पोकळी तयार झाली की चांगला पंपही दमतो.

३. बोरघाटात अडली तर पंपावर ओलं फडकं टाक आणि चहा पी — उन्हाळ्यात पेट्रोलची पाइपातच वाफ होते, अन् पंपाला वाफ ढकलता येत नाही. फडक्यानं सुधारली तर दुखणं उष्णतेचं. पहाटेच्या गारव्यातही रुसली तर पंपाकडे वळ.

४. ऑइलची पट्टी काढून वास घे — डायफ्राम फाटला की पेट्रोल खाली ऑइलमध्ये झिरपतं आणि पातळी वाढते. ‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणून मी दोन महिने खूश होतो, मग बेअरिंगांनी बिल दाखवलं. वास आला तर पंपाबरोबर ऑइलही बदल.

५. खात्री हवी? कॉइलची प्लसची वायर सोड, कार्बोरेटरकडचा पाइप बाटलीत धर आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग — ठोक्याठोक्यानं दमदार धार यायला हवी, नुसते थेंब नकोत.

६. धार नसली तर पंप बदलायचा. ते काम गार इंजिनावर, मोकळ्या हवेत आणि बॅटरीची निगेटिव्ह काढूनच. गरम इंजिन नि उतावळा जावई, दोघांना जरा बसू द्यावं — सांडलेल्या पेट्रोलला एक ठिणगी पुरते.

७. पाइपांना खुणेच्या चिकटपट्ट्या लाव, टाकीकडच्यात पेन्सिल खोच — येणारा-जाणारा पाइप उलटा लावणारा मी घरात एकटाच पुरे. आणि पेट्रोल तोंडानं ओढायचं नाही. ती चव मला अजून आठवते.

८. पंपामागचा ठोकळा आणि गास्केट जेवढ्या जाडीचे निघाले, तेवढ्याच जाडीचे बसव — पातळ झालं तर आतल्या लिव्हरवर ताण, जाड झालं तर डायफ्राम अर्धाच हलतो. जुन्या गास्केटचे तुकडे नीट खरवड, पण इंजिनच्या आत पडू देऊ नको.

९. पंप जागेवर बसताना फार अडला तर नटांनी ओढू नको, इंजिन थोडं फिरव — कॅमचा उंचवटा लिव्हरखाली आलेला असतो. मग दोन्ही नट आळीपाळीनं आवळ.

१०. पाइप नवे घे, तेही इथेनॉल सोसणारे — हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात कुजतं.

११. सुरू झाल्यावर प्रत्येक जोडाखाली बोट फिरव, अन् आठवडाभर गावातच हिंड — गळती बाजारात सापडली तर रिक्षा मिळते.

१२. जुन्या पंपाला डायफ्रामचं किट मिळालं तर भरून डिकीत ठेव, शेजारी पाना आणि ते फडकं. फडकं मात्र मामीचं आहे, धुऊन परत कर.