सहा आकडे

पालकहो,

कापसाचा हंगाम. आपल्या मानवतच्या जिनिंगबाहेर गाड्यांची रांग. वडील रांगेत, खिशात साधा फोन. बँकेला जोडलेला नंबर घरच्या मोबाइलमध्ये आणि मोबाइल लेकीच्या हातात. रांगेतून फोन येतो, "बघ गं, मेसेज आला का? आकडे सांग." ती सहाच्या सहा आकडे घडाघडा वाचते. शाबासकी मिळते.

पंधरा दिवसांनी अनोळखी आवाज येतो. "बाबा इथंच आहेत, कापसाचे पैसे खात्यात टाकायचेत. एटीएम कार्डावरचे आकडे वाच. आता मेसेज आला असेल, तोही वाच." ती वाचते. सवय आपणच लावली होती.

माझ्या वर्गातल्या या लेकरानं दोन दिवस घरी काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ती वर्गात रडली. "बाबा मारतील, सर."

पैसे गेले याचं वाईट वाटलंच, पण ते दोन दिवस वाया गेले याचं जास्त वाटलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर पैसा वाटेतच रोखला जाण्याची शक्यता असते. उशीर झाला की तो या खात्यातून त्या खात्यात पसार होतो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातही हेच तत्त्व होतं: ग्राहकाच्या चुकीनं गुपित आकडे बाहेर गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे घरातली भीती सरळ पैशात मोजावी लागते.

आता आपली कागदपत्रंही मोबाइलमधूनच फिरतात. 2025 पासून सरकारी खरेदी करणाऱ्या सीसीआयला कापूस घालायचा, तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. ती करायला आपण आधार, सातबारा, पासबुकाचे फोटो ऑनलाइन सेंटरवाल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होतो. काम झाल्यावर "आता डिलीट करा" म्हणायला आपल्याला भीड वाटते. भीड सोडा आणि आपल्यासमोर डिलीट करून घ्या. जिथं चालतं तिथं पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या. ते यूआयडीएआयच्या साइटवरून मिळतं. तिथंच अंगठ्याला कुलूपही लावता येतं. रेशनला किंवा पैसे काढायला जाताना तेवढ्यापुरतं उघडायचं.

लेकरांना तीन गोष्टी पाठ करून घ्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. ओटीपी फोनवर कुणालाही वाचून दाखवायचा नाही, आवाज बाबांचा वाटला तरी. 'पीएम किसान'च्या नावानं व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही. ती मोबाइलमध्ये शिरली की मेसेज परस्पर चोराला दिसू शकतात.

पहिला नियम आपणच पाळायचा. रांगेत अडलात तरी आकडे फोनवरून मागू नका. ज्या फोनवर ओटीपी येतो, तो त्या दिवशी सोबत न्या.

आणि आज रात्री जेवताना लेकराला एवढंच म्हणा, "मोबाइलवर काही चुकलं तर आधी मला सांग, मी ओरडणार नाही." मग ते खरंच सांगायला आलं, तर ओरडू नका. आधी 1930 लावा.