शरीर अधू झाले तरी सेवा खुंटू नये



दिंडी चालते ती प्रत्येकाने आपली जागा राखल्यामुळे. पताका पुढे, टाळकरी दोन्ही अंगांना, मृदंगवाला, विणेकरी आणि मागे तुळस डोईवर घेतलेली माउली. पाणी वाढणाऱ्यालाही तिथं जागा आहे. घर हीसुद्धा एक दिंडीच आहे. घरात ज्याला जागा उरली नाही, त्याच्या ताटात पंचपक्वान्नं वाढली तरी घास गोड लागत नाही.

समजा, घरच्या कर्त्या माणसाला अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढू लागला. औषधपाणी झालं, जीव वाचला. मग घरची मंडळी मायेनं म्हणू लागतात, ‘बाबा, तुम्ही नुसतं बसा. आम्ही आहोत ना!’ हिशेबाची वही मुलगा घेतो, पूजा नातू करतो, सप्ताहात विण्याचा पहारा दुसऱ्याकडे जातो. येथे दोन हानी झाल्या. हात गेला तो व्याधीमुळे. जागा गेली ती मात्र आपल्या मायेमुळे. पहिली हानी कदाचित पुरती भरून येणार नाही. दुसरी भरून काढणे आपल्या हातात आहे.

या बाबतीत संप्रदायाची शिकवण स्पष्ट आहे. पैठणच्या कूर्मदासांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. हात नाहीत, पाय नाहीत, तरी ते पंढरीची वाट धरून सरपटत निघाले. वाटेत लऊळला त्यांचे बळ सरले, तेव्हा देवच त्यांच्या भेटीला आला. कथेचा भर हातपाय फुटण्यावर नाही, हे ध्यानात घ्यावे. भर आहे तो वारी न सोडण्यावर. आहे त्या देहाने ते वारकरी राहिले.

अलीकडचे उदाहरण माधानच्या श्रीगुलाबराव महाराजांचे. जन्म १८८१ सालचा. नवव्या महिन्यातच त्यांची दृष्टी गेली. इतरांकडून ग्रंथ वाचून घ्यावेत आणि आपण सांगून लिहवून घ्यावेत, अशा रीतीने १९१५ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ केले. डोळे दुसऱ्याचे, लेखणी दुसऱ्याची. पण ग्रंथकर्ते महाराजच! मदत घेतल्याने काम परक्याचे होत नाही, हा यातला बोध.

वैद्यकशास्त्रानेही हीच वाट धरली आहे. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात श्रीमती कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा सुरू केली. व्यवसायोपचार म्हणजे रोग्याला त्याच्या नित्याच्या कामांतूनच पुन्हा उभे करणे. आंघोळ, जेवण, स्वयंपाक, धंदा यांपैकी जे त्याला हवे ते कसे करता येईल, हे हा उपचारक पाहतो. त्याआधी १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, तेव्हा कुष्ठरोग्यांच्या हाती भिक्षापात्र न देता कुदळ दिली. त्यांतले पुष्कळजण शेतकरी नि कारागीर झाले.

आता घरी काय करावे, ते सांगतो.

१. आधी विचारा. ‘कोणतं काम हातून गेल्याचं तुम्हाला जास्त लागतं?’ उत्तर त्याचे त्याला देऊ द्या. एखाद्याला देवपूजा हवी असेल, एखादीला चहा स्वतः करायचा असेल.

२. कामाचे तुकडे करा. पूजेत फुले निवडणे, गंध उगाळणे, देव पुसणे, आरती करणे, अशी किती कामे आहेत! चार जमत नसतील तर दोन त्याची.

३. साधन बदला. उलथन्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड केले की अधू मुठीत बसते. लाकडी फळीला स्वच्छ खिळे उभे ठोकून त्यावर बटाटा रोवला की एका हाताने चिरता येतो. उभे राहवत नसेल तर बसून करावे. हाताची जाणीव गेली असेल त्याने मात्र गरम भांड्यापासून जपावे. चटका बसला तरी कळत नाही.

४. थकण्याआधी थांबा. बरे वाटले म्हणून एका दिवसात सगळे उरकू नये. पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. थोडे पण रोज, हाच नेम.

५. काम दिले की ते काढून घेऊ नका. उशीर होईल, सांडेल, सांडू द्या.

विणा धरवत नाही ना? मग पहाऱ्याच्या पाळ्या त्याने लावाव्यात, दिंडीची वर्गणी त्याने मांडावी. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या आजीला शंभर पानांच्या पंगतीला तांदूळ किती लागतो, हे तोंडपाठ असते. माप तिला विचारावे, आणि ती सांगेल तेच घालावे. नुसते मन राखायला विचारू नये. खोटा मान माणसाला लगेच कळतो.

येथे कोणी शंका घेईल, ‘ज्याला कूसही बदलता येत नाही, त्याचे काय?’ त्याचे उत्तर असे. काम हे माणसाची किंमत ठरविण्याचे माप नव्हे. माउलींनी अठराव्या अध्यायात स्वकर्माला पूजेची फुले म्हटले आहे. फुले किती वाहिली, हे देव मोजीत बसत नाही. नामाला तर हातही लागत नाहीत, पायही लागत नाहीत. अशा माणसाजवळ बसून घरच्या गोष्टी सांगाव्यात, त्याचे मत घ्यावे, हरिपाठ त्याच्या खोलीत म्हणावा. त्याचे ओठ हलले नाहीत तरी तो हरिपाठात आहेच.

तेव्हा सज्जनहो, आजच आपल्या घरात पाहा. कोपऱ्यात बसविलेल्या माणसाचे कोणते काम आपण मायेपोटी उचलून नेले आहे? त्यातले एक तरी उद्याच्या सकाळी त्याच्या हाती परत द्या.

रामकृष्णहरी.