बाळाची कावीळ आणि घरचा दिवा

पेण-रोह्याकडच्या गावांत बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी येतात आणि चौथ्या दिवशी आजीच्या लक्षात येते, की बाळ पिवळे दिसते आहे. मग मला हमखास एक प्रश्न विचारला जातो, "डॉक्टर, दवाखान्यात दिव्याखाली ठेवतात, तसे घरीच ठेवले तर?" आज त्याविषयी.

ही कावीळ का होते?
जन्मानंतर बाळाच्या रक्तातील जादा तांबड्या पेशी मोडतात व त्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. बाळाचे यकृत पुरते तयार नसल्याने ते अंगात साठते. पूर्ण दिवसांच्या शंभरांपैकी सुमारे साठ बाळांना अशी कावीळ दिसते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती सर्वांत जास्त असते आणि बहुधा दोन आठवड्यांत उतरते. दूषित पाण्याच्या काविळीशी तिचा संबंध नाही, म्हणून आईने हळद सोडण्याचे कारण नाही. मात्र बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत शिरते. बाळ बहिरे किंवा कायमचे अपंग होऊ शकते.

प्रकाशाने काय होते?
१९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाचे उघडे अंग उजळले, चादरीखालचे पिवळेच राहिले. त्यावरून डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी अभ्यास करून १९५८ मध्ये तो प्रसिद्ध केला. गुण निळ्या प्रकाशाचा आहे, उष्णतेचा नाही. त्याने कातडीतील बिलिरुबिनचे रूप बदलते आणि ते शी-शूवाटे बाहेर पडते.

मग घरी चालेल का?
घरच्या ट्यूबलाइटमध्ये पुरेसा निळा प्रकाश नसतो. बल्ब जवळ आणला तर बाळ भाजते. कोवळ्या उन्हाचे माप घेता येत नाही, आणि त्यात मोलाचा दिवस वाया जातो. खास एलईडी यंत्र घरी वापरता येते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये त्याला मर्यादित मान्यता दिली आहे. पण बाळ पूर्ण दिवसांचे, नीट पिणारे, इतर धोका नसलेले हवे, कावीळ थोडीच वाढलेली हवी आणि रक्त रोज तपासले पाहिजे. ही शेवटची अट वाडीवर पाळता येत नसेल, तर दवाखानाच बरा.

घरी काय करावे?
बाळाला दिवसाउजेडी खिडकीपाशी पाहावे. कपाळ, छाती, तळपाय बोटाने दाबून रंग बघावा. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पाजावे. चीक टाकू नये. पाणी, मध, गुटी देऊ नये. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नयेत. काही बाळांची कावीळ त्याने एकाएकी वाढते. आईचा रक्तगट निगेटिव्ह किंवा ओ असल्यास डॉक्टरांना सांगावे. तिसऱ्या व सातव्या दिवशी आशाताई येतात, त्यांना बाळ उघडे करून दाखवावे.

ताबडतोब केव्हा न्यावे?
पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ पिईना, सुस्त पडले, कर्कश रडू लागले किंवा पाठ मागे ताणू लागले, तर रात्र असली तरी थांबू नये. शी पांढरट असेल किंवा कावीळ दोन आठवड्यांवर राहिली, तरीही दाखवावे. पेण व रोह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचे उपचार मोफत होतात, १०२ क्रमांकाची गाडीही मोफत मिळते.

काविळीची माळ घालायची तर घाला, माझी हरकत नाही. पण रक्त आधी तपासून घ्या.