न्यूरेंबर्गला गेलेल्या भाचीस

चि. सानिकास,


'ब्रास' आणि 'टेराफॉर्मिंग मार्स' हे पटावरचे मोठे खेळ कपाटावर नुसते पडून आहेत, खेळायला कोणी नाही, असं तू लिहिलंस. पुण्यातल्या तुझ्या शनिवारच्या बैठका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हे दुःख मला मुळीच किरकोळ वाटत नाही. पण सानू, तू कोणत्या गावात जाऊन पोचली आहेस, हे तुला अजून उमगलेलं दिसत नाही. पटावरच्या खेळांचं जर्मनीएवढं वेड दुसऱ्या कुठल्या देशाला असेल असं मला वाटत नाही, आणि त्यांचा मोठा संग्रह, 'डॉइचेस श्पीलेआर्काइव्ह', तुझ्याच गावातल्या पेलरहाउसमध्ये आहे. सुमारे ३०,००० खेळ तिथे जपले आहेत. चौकशी करून जा. खेळाच्या संध्याकाळी कुठे भरतात, हे तिथल्या माणसांना नक्की ठाऊक असणार.

आता खरी गोष्ट. तू शोधते आहेस ती तुझ्या तोडीची, चार-चार तास डोकं लावणारी मंडळी. ती तुझ्या गावात आहेत, पण बहुतेक कुणाच्या तरी घरी जमतात, आणि अनोळखी माणसाला तिकडे घरी बोलावणं लवकर येत नाही. स्टुटगार्टच्या माझ्या वर्षांत मी हे पुष्कळ पाहिलं. त्या घरांची वाट सर्वांसाठी खुल्या असलेल्या संध्याकाळींवरून जाते. तिथे नवख्यासमोर 'कार्कासोन' किंवा 'अझुल' असे हलके खेळ मांडतील. नाक मुरडू नकोस. 'कार्कासोन' पाऊण तासात संपतो, त्याच्या ७२ फरशांवर वाचायला एक अक्षर नाही, आणि तेवढ्या वेळात समोरचे तुला नीट पाहून घेतात: ही खेळीला किती वेळ लावते, हरली की गप्प होते का, खेळ संपल्यावर सोंगट्या गोळा करायला हात लावते का. मोठ्या खेळाला कुणाला बोलवायचं, ते यावरून ठरतं.

एकच टेबल धर आणि ठरल्या वारी जातच राहा. चार ठिकाणी एकेकदा जाऊन कुणाच्याच लक्षात राहणार नाहीस. बरेच गट म्हणजे रीतसर नोंदलेले 'फेराइन', म्हणजे मंडळं, असतात. नोंदणीसाठी कायद्याने किमान ७ सभासद लागतात. हॉलची किल्ली सांभाळणारा, हिशेब ठेवणारा, खुर्च्या लावणारा, सगळे हौशीच. दोन-तीनदा जाऊन आवडलं तर वर्गणी भर, आणि खुर्च्या आवरेपर्यंत थांब.

भाषेची भीती खेळातच जाईल. क्लाउस टॉयबरांचा १९९५ चा 'काटान' घे. लाकूड देते, मेंढी दे, अशी घासाघीस केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. तुझ्यासाठी सगळे इंग्रजीत बोलू लागतील, तेव्हा जर्मनच चालू ठेवा म्हणून सांग. आणि एका खेळाचे नियम जर्मनमध्ये सांगता येतील इतके घोटून ठेव. नियम समजावणाऱ्याला तिकडे लाडानं 'एर्क्लेअरबेअर' म्हणतात, आणि नीट समजावणारा माणूस प्रत्येक टेबलाला हवा असतो. माझ्या मते यासारखा दुसरा उपाय नाही. सरावासाठी खेळ विकत घेत बसू नकोस, जर्मनीतल्या पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत ते पुस्तकांसारखे घरी न्यायला मिळतात.

ऑफिसमध्येही विचार. 'मी काही खेळत नाही' म्हणणाऱ्यानेसुद्धा लहानपणी 'मेन्श एर्गेरे दिष निष्ट' खेळलेला असतो. तो आपल्या पचिशीच्याच कुळातला. योसेफ फ्रीडरिख श्मिट यांनी १९१४ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. पचिशीचं हे नातं सांगून दोघा-तिघांना घरी जेवायला बोलाव, आणि जेवणानंतर पट मांड. त्यातला एखादा पुढे 'ब्रास'ला बसेल.

मराठी मंडळात जाच. कॅरम मिळेल, ओळखी होतील. पण तेवढ्यावर थांबू नकोस, नाहीतर त्या गावात राहूनही गाव तुझं होणार नाही.

एसेनला १९८३ पासून खेळांचं प्रचंड प्रदर्शन भरतं. हल्ली ते ऑक्टोबरमध्ये चार दिवस असतं. तिथे एकटी जाऊ नकोस, तुझ्या टेबलावरच्या मंडळींबरोबर जा. त्यासाठी सुरुवात आत्ताच करायला हवी. या आठवड्यातच चौकशी कर, आणि मंडळी कोणत्या वारी जमतात ते मला लगेच कळव.

तुझी,
मावशी