आठ अक्षरांचे कुंपण

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरी नावाचे गाव आहे. समजा, साल १९९० आहे. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. प्रत्येक गावाची माहिती संगणकात भरायची आणि फाइलीला गावाचे नाव द्यायचे, असे काम तुमच्याकडे आले आहे. तुम्ही रोमन लिपीत ‘ब्राह्मणपुरी’ टंकित करता. अक्षरे होतात अकरा. संगणक तक्रार करीत नाही. पण यादी पाहावी तर पहिली आठच अक्षरे उरलेली : ‘ब्राह्मणप्’! शेवटचे ‘उरी’ गेले कोठे?

ते कापले त्या संगणकाच्या कार्यप्रणालीने. तिचे नाव एमएस-डॉस.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

शाळेच्या ग्रंथालयात कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे ग्रंथपालाला ठाऊक असते. संगणकात हे काम कार्यप्रणाली करते. कोणती माहिती चकतीवर कोठे ठेवली, स्मृतीतील कोणती जागा कोणाला दिली, याचा हिशेब ती ठेवते.

१९८० साली अमेरिकेत टिम पॅटरसन या अभियंत्याने एका छोट्या संगणकासाठी अशी प्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती १९८१ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठी दिली. पुढे तीच घरोघरी आणि कचेऱ्यांत पोचली.

आठच अक्षरे का?

त्या पहिल्या संगणकाच्या फ्लॉपी चकतीवर फक्त १६० किलोबाइट माहिती मावे. चकतीच्या मुख्य यादीत ६४ नोंदी असत व प्रत्येक नोंदीला ३२ बाइट जागा मिळे. त्यातील ८ बाइट नावासाठी आणि ३ बाइट फाइलीचा प्रकार सांगण्यासाठी. ही पद्धतही नवी नव्हती. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या प्रणालीतून ती आली होती. जागा महाग असताना ही काटकसर शहाणपणाचीच होती. पण पुढे चकत्या मोठ्या झाल्या, तरी आठाचे कुंपण तसेच राहिले.

आता खरा धोका पाहा. समजा, तुमच्या यादीत ‘ब्राह्मणपाडा’ असे दुसरे गाव आहे. त्याचीही पहिली आठ अक्षरे तीच! १९९३ च्या ६.२ या आवृत्तीपूर्वी डॉसची ‘कॉपी’ ही आज्ञा त्याच नावाची जुनी फाइल न विचारता पुसून टाकी. म्हणजे पाड्याची फाइल त्याच जागी उतरवली, की पुरीची सारी माहिती नाहीशी! जपून काम करणारे लोक म्हणूनच गावांना क्रमांक देत आणि कोणता क्रमांक कोणाचा, हे वहीत लिहून ठेवीत.

आणखी दोन उणिवा

डॉस एका वेळी मुख्यतः एकच आज्ञावली चालवी, आणि त्या आज्ञावलीला स्मृतीत कोठेही ढवळाढवळ करता येई. एक चूक झाली, की सारा संगणक ठप्प. शिवाय त्या संगणकाच्या ८०८८ या चिपला पत्ता सांगणाऱ्या २० तारा होत्या. दोनाचा विसावा घात म्हणजे १०,४८,५७६. तेवढेच बाइट तिला ओळखता येत. त्यातील वरचे ३८४ किलोबाइट आयबीएमने पडदा वगैरेंसाठी राखले, आणि आज्ञावल्यांना ६४० उरले.

आपली लिपी कोठे होती?

पडद्यावर ८० स्तंभ व २५ ओळींचे चौकोन असत. एका चौकोनात एक ठरावीक आकार. हे आकार यंत्रातच कोरलेले, आणि त्यांत देवनागरी नव्हती. ‘ह्म’ सारखे जोडाक्षर किंवा ‘पु’ चा खालचा उकार एकेका चौकोनात कसा बसणार?

यावर आपल्याकडे उपाय शोधला गेला. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट हे तंत्र तयार केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक संस्था निघाल्यावर ते काम तेथे वाढले. संगणकात जिस्टचे कार्ड बसवले, की डॉसवरही मराठी उमटे. अक्षरांचे संकेत ‘इस्की’ या भारतीय मानकात १९९१ साली निश्चित झाले. त्यातील कल्पना सोपी होती : आकार साठवायचे नाहीत, अक्षरे साठवायची. ‘ह्म’ म्हणजे ह, हलन्त आणि म. त्यांना जोडून दाखवणे हे यंत्राचे काम.

युनिकोडमधील देवनागरी याच पायावर उभी आहे. विंडोज ९५ मध्ये फाइलीचे नाव २५५ अक्षरांपर्यंत लांबले. पण घरगुती विंडोजचा डॉसशी असलेला संबंध २००१ साली एक्सपी आल्यावरच सुटला. त्यानंतर ‘ब्राह्मणपुरी’ हे नाव देवनागरीत, पूर्णच्या पूर्ण, फाइलीला देता येऊ लागले.

कुंपण घालणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता. त्यांच्यासमोर आपली गावे नव्हती, इतकेच. तुम्ही उद्या एखादी आज्ञावली लिहाल, तेव्हा नावासाठी किती जागा ठेवाल?

करून पाहा

‘ब्राह्मणपुरी’ चे संकेत असे : ब, हलन्त, र, काना, ह, हलन्त, म, ण, प, उकार, र, दीर्घ वेलांटी. एकूण बारा. आठावर कापले तर काय उरेल? आता आपल्या गावाचे नाव असेच फोडा आणि ते कोठे तुटते ते पाहा.